संसर्गापासून बचाव: बेळगाव सीमाभागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी भागातल्या दवाखान्यांत काम करणाऱ्या सिस्टर, आशा, लॅब टेक्निशियन, ड्रेसर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, आणि एका खोलीत दवाखाना चालवणारे डॉक्टर अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. आपल्याकडे प्रशिक्षणाची पुस्तिका इंग्रजीत असते, भिंतीवरचा तक्ता कन्नडात असतो आणि ड्युटीवर एकमेकांशी बोलणं मराठीत चालतं. मग विचारायचं राहून जातं आणि अर्धवट कळलेलंच वर्षानुवर्षं हातवळणी पडतं. असे राहून गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणजे नेमकं काय?

रक्त, शरीरातले स्राव, जखमा, तोंड-नाक-डोळ्यांची ओली त्वचा यांच्याशी संबंध येणारं कुठलंही काम करताना, समोर कोणीही असो, घ्यायची किमान खबरदारी. त्यात हात धुणं येतं, गरजेप्रमाणे ग्लोव्ह्ज, मास्क, चष्मा, गाऊन येतात, सुई आणि धारदार वस्तू सांभाळणं येतं, खोकताना तोंड झाकणं, साफसफाई, अवजारांचं निर्जंतुकीकरण, कपड्यांची आणि कचऱ्याची व्यवस्था हे सगळं येतं.

यातली एक गोष्ट नीट उमगली की बाकीचं आपोआप जुळतं: खबरदारी कामाला लागू होते, माणसाला नाही. "हा पेशंट कसला आहे?" असं विचारू नका. "मी आता जे काम करणार आहे त्यात माझ्या अंगावर काय उडू शकतं?" असं विचारा. बीपी बघायचं असेल तर स्वच्छ हात पुरेत. सलाईनची सुई लावायची तर ग्लोव्ह्ज. बाळंतपण करायचं तर ग्लोव्ह्ज, प्लास्टिकचा एप्रन, मास्क आणि डोळ्यांवर चष्मा. मग ती बाई बेळगाव शहरात टिळकवाडीतली असो की कणकुंबीच्या पुढच्या वाडीवरची.

पेशंट ओळखीचा, चांगल्या घरचा, रिपोर्टही निगेटिव्ह. तरी का?

कारण रिपोर्ट कालचा असतो आणि रक्त आजचं. एचआयव्हीची लागण झाल्यावर काही आठवडे तपासणीत काहीच सापडत नाही, पण रक्तात विषाणू असतो. हिपॅटायटिस बी आणि सी असलेली बरीच माणसं वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतात, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. अपघातातला माणूस तर रिपोर्ट घेऊन येत नाही.

२०१८ साली केरळात कोळिकोड जिल्ह्यात निपाहची साथ आली. पहिल्या रुग्णांना निपाह आहे हे कळेपर्यंत दवाखान्यातच इतरांना लागण होऊन गेली होती. पेरांब्रा इथे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स लिनी पुतुश्शेरी २१ मे २०१८ रोजी गेल्या. आजाराचं नाव कळायच्या आधीच आपण रुग्णाला हात लावलेला असतो. आपल्या कामाचं स्वरूपच तसं आहे. म्हणून नावाची वाट बघायची नाही.

हात किती वेळ धुवायचे, आणि दिवसात किती वेळा?

साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) २० ते ३० सेकंद. कितीदा हे घड्याळावर नाही, कामावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा नेमून दिल्या आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, सुई-कॅथेटर-ड्रेसिंगसारख्या कामाआधी, रक्त किंवा स्राव लागल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. ही शेवटची वेळ जवळजवळ सगळेच विसरतात. पेशंटला हात लावला नाही, फक्त कॉटची दांडी धरून केसपेपर बघितला, असं म्हणून पुढच्या कॉटकडे जातात. ती दांडी त्या पेशंटने आणि त्याच्या नातेवाइकांनी रात्रभर धरलेली असते.

हात दिसायला मळलेले असतील, किंवा पेशंटला जुलाब होत असतील, तर हँडरबवर भागवू नका. काही जंतूंचे बीजाणू आणि जुलाबाचे काही विषाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

उन्हाळ्यात नळाला पाणीच नसतं. मग?

तोटीची बादली किंवा तोटीचं पिंप भरून उंचावर ठेवा, खाली दुसरी बादली. पाणी वाहतं हवं, एवढीच अट. लोशन घातलेल्या तसराळ्यात दिवसभर सगळ्यांनी हात बुडवायची जुनी पद्धत मात्र आता पूर्ण बंद झाली पाहिजे. दुपारपर्यंत त्या लोशनमध्ये काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. तीच गोष्ट बेसिनजवळ लटकणाऱ्या सामाईक टॉवेलची. हात हवेवर वाळवा किंवा प्रत्येक वेळी वेगळा धुतलेला छोटा कपडा वापरा.

हात मळलेले नसतील तेव्हा हँडरब हा दुय्यम पर्याय नाही, तोच पहिला पर्याय आहे. जंतू जास्त मारतो, वेळ कमी लागतो, आणि ग्लिसरीन असलेला असेल तर हातही कमी फुटतात.

हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, मनगटातला दोरा यांचं काय?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देते. मंगळसूत्र पोशाखाच्या आत राहत असेल तर अडचण नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ आणि मनगटातला दोरा ड्युटीवर नकोत. दोरा एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो. अंगठीखालची त्वचा कितीही चोळली तरी नीट धुतली जात नाही. काचेची बांगडी फुटली तर ग्लोव्ह फाटतो आणि तुम्हाला किंवा पेशंटला कापतं. नखं अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी, आणि नकली नखं अजिबात नाहीत. मेंदीला हरकत नाही.

नव्या लग्न झालेल्या मुलीला घरून "चुडा उतरवू नकोस" असं सांगितलेलं असतं. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरने अशा वेळी घरच्यांशी दोन शब्द बोलावेत. ड्युटीपुरत्या काढून डब्यात ठेवल्या आणि जाताना घातल्या, तर घरचे ऐकतात.

ग्लोव्ह्ज घातले की हात धुवायची गरज नाही ना?

आहे. घालण्याआधीही आणि काढल्यावरही. ग्लोव्हला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि काढताना मनगटाला घाण लागतेच. एक जोडी एका पेशंटसाठी, आणि त्याच पेशंटच्याही मळक्या कामाकडून स्वच्छ कामाकडे जाताना बदलायची. ग्लोव्ह घालून स्पिरिट चोळून पुढच्याला हात लावणं म्हणजे स्वतःचं रक्षण आणि पेशंटचा घात.

उलट बाजूही सांगते, कारण ग्लोव्ह्ज संपले म्हणून लसीकरण थांबलेलं ऐकायला मिळतं. अखंड त्वचेवर दंडात किंवा मांडीत लस टोचायला ग्लोव्ह्ज लागत नाहीत. दर बाळागणिक हात स्वच्छ करा, तुमच्या हाताला जखम असेल तर ती झाका, एवढं पुरे. वाचलेले ग्लोव्ह्ज प्रसूतीच्या टेबलाजवळ ठेवा.

सफाई करणाऱ्या मावशींना पातळ तपासणीचे ग्लोव्ह्ज देऊन भागत नाही. त्यांना जाड रबरी, कोपरापर्यंतचे ग्लोव्ह्ज आणि गमबूट हवेत. सुई टोचण्याचा धोका आपल्याइतकाच त्यांना आहे, काही वेळा जास्त, कारण पिशवीत काय आहे ते त्यांना दिसत नाही. दवाखान्याच्या खरेदीच्या यादीत सगळ्यात आधी काट बसते ती याच दोन वस्तूंवर, आणि ते चूक आहे.

सुई टोचली. आता पहिल्या पाच मिनिटांत काय करू?

ग्लोव्ह काढा. जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बस. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट, डेटॉल, ब्लीच, आयोडीन ओतू नका. दाबल्याने आणि जाळल्याने आतल्या पेशींना इजा होते, फायदा काही नाही. डोळ्यात उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळा भरपूर धुवा. तोंडात गेलं असेल तर थुंका आणि अनेकदा चुळा भरा.

मग लगेच, ड्युटी संपेपर्यंत न थांबता, वरिष्ठांना सांगा. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त काळजी याच वाक्याची वाटते. टोचून घेतलेली माणसं गप्प बसतात. ओरडा बसेल म्हणून, कंत्राट जाईल म्हणून, किंवा घरी काय सांगू म्हणून. आणि औषधाची वेळ निघून जाते.

एचआयव्ही टाळण्याच्या औषधांना पीईपी म्हणतात. पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत, आणि कसंही करून ७२ तासांच्या आत. नंतर उपयोग नाही. सध्या राष्ट्रीय कार्यक्रमात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर या तीन औषधांची मिळून एक गोळी रोज, २८ दिवस दिली जाते. पेशंटचा रिपोर्ट यायचा असेल तर त्यासाठी पहिला डोस अडवू नका. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढे थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. पेशंटची तपासणी त्याच्या संमतीनेच करायची. लपून रक्त पाठवायचं नाही.

तुमचीही तपासणी त्याच दिवशी होते, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. तोवर रक्तदान करू नका आणि जोडीदाराबरोबर निरोध वापरा. पहिल्या दिवसाची तपासणी टाळू नका. ही लागण कामावरच झाली हे पुढे दाखवायला तोच एक कागद असतो.

टोचल्यावर एचआयव्ही होतोच का?

नाही. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर त्याहून कमी. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्याला ३० टक्क्यांपर्यंत लागू शकतो, आणि त्याचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवस टिकतो. एचआयव्हीच्या नावाने घाम फुटतो आणि हिपॅटायटिस बीची लस घ्यायची राहते, हे आपल्याकडचं उलटं चित्र आहे.

हिपॅटायटिस सीसाठी लस नाही आणि टोचल्यावर घ्यायचं प्रतिबंधक औषधही नाही. पण लागण झाल्याचं तपासणीत कळलं तर गोळ्यांनी तो बरा होतो, आणि २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

हिपॅटायटिस बीची लस कोणी घ्यायची? कंत्राटी माणसांनाही मिळते का?

रक्ताशी किंवा दवाखान्यातल्या कचऱ्याशी ज्याचा ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाने. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, लॅबमधली मुलं, लाँड्रीवाले, कचऱ्याची ढकलगाडी ओढणारे, सगळे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट आहे की कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी देणं ही दवाखाना चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण, तसंच वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, हेही त्याच नियमांत आहे. माणूस कंत्राटदाराने आणला म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेली प्रतिपिंडं) तपासा. १० किंवा त्याहून जास्त आलं की तुम्ही सुरक्षित. कमी आलं तर पुन्हा तीन डोस. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला घ्यायचा.

लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीच्या पेशंटची सुई टोचली, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन लागतं, शक्यतो २४ तासांत. ते महाग आहे आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळेल असं नाही. लस आधीच घेतलेली असेल तर ही धावाधाव उरत नाही.

सुईला टोपण लावून ठेवलं तर जास्त सुरक्षित नाही का?

नाही. टोपण लावतानाच सुई डाव्या हाताच्या बोटात जाते. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नाही, वाकवायची नाही, हाताने सिरिंजपासून वेगळी करायची नाही. हब कटर (सुई सिरिंजपासून कापून काढणारं साधन) कामाच्या जागी, हाताच्या अंतरावर ठेवा. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला हब कटर असून नसल्यासारखा, कारण तोपर्यंत सुई हातात घेऊन चार माणसांतून जावं लागतं. सुया टाकायचा पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. दाबून बसवू नका.

लोक सुईशिवाय ऐकतच नाहीत. काय करायचं?

"सुई मारा की ओ डॉक्टर, गोळीनं काय होतंय" हे बेळगावच्या बाजारादिवशी कुठल्याही दवाखान्यात ऐकू येतं. साध्या सर्दी-तापाला, अंगदुखीला, अशक्तपणाला दिलेल्या बहुतेक सुया अनावश्यक असतात. अनावश्यक सुईत फायदा शून्य आणि धोका मात्र पूर्ण, पेशंटलाही आणि देणाऱ्यालाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथे हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, कितीतरी माणसं दगावली. तिचा माग वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यापाशी पोचला.

एक सुई, एक सिरिंज, एक माणूस, एकदाच. सुई बदलून तीच सिरिंज वापरणं हेही तितकंच घातक. मल्टिडोस (अनेक डोसांच्या) बाटलीत दर वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज, बाटलीच्या बुचात सुई खोचून ठेवायची नाही, उघडल्याची तारीख आणि वेळ लिहायची. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी पाणी मिसळल्यावर चार तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा टाकून द्यायची. उरली म्हणून पुढच्या गावाला न्यायची नाही.

पेशंटशी बोलायला दोन मिनिटं काढली तर बहुतेक जण गोळी घेऊन जातात. ज्यांना पटत नाही ते दुसऱ्या दवाखान्यात जातील. जाऊ द्या.

निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काम करणारे खोकतच येतात. प्रत्येकाला टीबीचा संशय घ्यायचा का?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासायची, मग तो वखारीत काम करो की शाळेत शिकवो. "तंबाखूच्या धुळीचा खोकला आहे" असं पेशंट स्वतःच सांगतो आणि आपणही मान डोलावतो. त्यात महिने जातात, आणि तोवर तो ओपीडीच्या बाकावर इतरांना खेटून बसलेला असतो.

रांगेतूनच खोकणाऱ्याला वेगळं बसवा, मास्क द्या, आधी तपासा. पेशंटला साधा सर्जिकल मास्क आणि तुम्हाला एन-९५, असं गणित आहे. साधा मास्क बाहेर पडणारे थेंब अडवतो, आत येणारे बारीक कण अडवत नाही. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर तोही साधाच. घातल्यावर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा, नाकाच्या बाजूने हवा निसटते का बघा. दाढी असेल तर तो बसत नाही, हे पुरुष कर्मचाऱ्यांनी मनावर घ्यावं.

थुंकीचा नमुना उघड्यावर, माणसांपासून लांब घ्यायला सांगा, संडासात किंवा बंद खोलीत नको. आणि खिडक्या उघडा. खानापूरच्या पावसात, जांबोटीच्या बाजूला तर चार महिने, दारं-खिडक्या लावून घ्यायची सवय असते. समोरासमोरच्या दोन खिडक्या निम्म्या तरी उघड्या ठेवा, पेशंटला वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवा. टीबीविरुद्ध उघड्या खिडकीइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही. पावसाळ्यात मास्क लवकर ओला होतो. ओला झाला की टाका, खिशात घडी करून ठेवू नका.

कुठला कचरा कुठल्या रंगात? फलक कन्नडात आहेत.

पिवळा, कन्नडात हळदी: रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं, वापरलेले मास्क. लाल, केंपु: पुन्हा प्रक्रिया होणारं प्लास्टिक आणि रबर, म्हणजे सलाईनच्या नळ्या आणि बाटल्या, कॅथेटर, युरिन बॅग, सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्ह्ज. पांढरा, बिळी: सुया, ब्लेड, जे जे टोचतं आणि कापतं ते, न फुटणाऱ्या डब्यात. निळा, नीली: काचेच्या कुप्या, अँप्युल, फुटकी काच, शरीरात बसवलेले धातूचे भाग.

डब्यावर दोन्ही भाषांत लिहा आणि शेजारी वस्तूचं चित्र चिकटवा. ज्या मावशींना वाचता येत नाही त्यांना चित्र कळतं. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही.

माझा एका खोलीचा दवाखाना आहे. मलाही कचऱ्याचे हे नियम?

हो. दवाखाना, लॅब, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक दवाखाने, लसीकरण आणि रक्तदान शिबिरं, शाळेतली प्रथमोपचार खोली, सगळ्यांना. कचऱ्याच्या सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीशी करार करून घ्या. सुया घरच्या कचऱ्यात टाकल्या तर त्या नगरपालिकेच्या सफाई कामगाराच्या हातात जातात, आणि त्याला पीईपी हा शब्दही माहीत नसतो.

फरशीवर रक्त सांडलं तर?

ग्लोव्ह्ज घाला. काच असेल तर चिमट्याने उचला. वर जुने वर्तमानपत्र किंवा कापूस टाका, त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओता, किमान दहा मिनिटं थांबा, मग उचलून पिवळ्या पिशवीत. नंतर पुसून घ्या. न थांबता लगेच पुसलं तर ते निर्जंतुक झालं असं समजू नका.

बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी. तीस टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर एक लिटर पाण्याला सुमारे ३३ ग्रॅम. रोज ताजं करा, झाकून ठेवा, उन्हात ठेवलं की त्याचा जोर जातो. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका. विषारी वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. माणसांच्या अंगावर फवारायचं नाही, कोविडच्या काळात काही ठिकाणी केलं तसं.

वॉर्ड कोरडा झाडू नका, ओल्या पोच्याने पुसा, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे. महिन्यातून एकदा फॉर्मलिनची धुरी दिली की झालं, हा समज अजून आहे. रोजच्या पुसण्याची जागा धुरी घेऊ शकत नाही, आणि फॉर्मलिन फुप्फुसाला वाईट.

अवजारं उकळली तर चालतात का?

उकळण्याने बीजाणू मरत नाहीत, धनुर्वाताचेही नाहीत. त्वचेच्या आत जाणारं प्रत्येक अवजार ऑटोक्लेव्हच (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) व्हायला हवं: १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या संचाला ३० मिनिटं. आधी ब्रशने घासून रक्त काढा, वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. संचावर चिकटवलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता लागली इतकंच कळतं. आतले जंतू मेले का हे जैविक चाचणीनेच कळतं. बाहेर काढलेला संच ओला असेल तर तो निर्जंतुक धरू नका.

एचआयव्हीच्या पेशंटला वेगळी कॉट, वेगळी ताटं, फाइलवर खूण करायची का?

नाही. या पानाच्या सुरुवातीलाच त्याचं उत्तर आहे: प्रत्येकासाठी तीच खबरदारी असेल तर खुणेची गरजच उरत नाही. खूण केल्याने उलट बाकीच्यांबाबत आपण ढिले होतो. शिवाय एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ भेदभाव आणि माहिती उघड करणं दोन्हीला बंदी घालतो. हाच कायदा कर्मचाऱ्याच्या बाजूनेही बोलतो: सुरक्षिततेची साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी देणं संस्थेवर बंधनकारक आहे. शंका असेल तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत विचारता येतं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातून तापाचे रुग्ण येतात. माकडताप असेल तर मला धोका आहे का?

माकडताप, कन्नडात मंगन कायिले, १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रुग्ण मिळाले, आणि खानापूरचा पश्चिमेकडचा डोंगर त्याच पट्ट्याला लागून आहे. काजूच्या हंगामात इथली माणसं तिकडे मजुरीला जातात, म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात ताप घेऊन आलेल्याला "जंगलात, काजूच्या बागेत गेला होतास का?" हे विचाराच.

तो गोचिडीतून पसरतो. माणसाकडून माणसाला पसरत असल्याचं आढळलेलं नाही, त्यामुळे शुश्रूषेला घाबरू नका. नेहमीची खबरदारी पुरे. रक्ताचा नमुना मात्र फार जपून: तीन थरांच्या पॅकिंगमध्ये, नमुन्यावर संशय स्पष्ट लिहून. पेशंटच्या अंगावर गोचीड दिसली तर नखाने चिरडू नका. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा.

आशा म्हणून घरोघर जाते, तिथे एवढं सगळं कुठलं?

पिशवीत हँडरब, चार मास्क, ग्लोव्ह्जच्या दोन जोड्या आणि एक जाड प्लास्टिकची पिशवी. एवढं असलं की घरभेटीचं काम होतं. बाळाला हात लावण्याआधी हात स्वच्छ करा, आईसमोर करा, म्हणजे तीही शिकते. घरातल्या इन्शुलिनच्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात जमवून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणायला सांगा.

सेवा करताना एवढा स्वतःचा विचार बरा दिसतो का?

हा प्रश्न जुन्या सिस्टर विचारतात आणि मनापासून विचारतात. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णाला पाठीवर घेऊन आल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं ते १८९८ साली. सावित्रीबाईंना जे कळायला मार्गच नव्हता ते आपल्याला माहीत आहे. आणि आजारी पडलेली सिस्टर महिनाभर घरी बसते, तोवर तिचा वॉर्ड दुसरीच्या अंगावर दुप्पट पडतो. शिवाय आपल्या हातावरून पुढच्या पेशंटला जे जातं, ते सेवा म्हणून माफ होत नाही.

वॉर्डात नातेवाइकांची गर्दी होते, ऐकत नाहीत.

एका पेशंटला एक सोबती, आणि त्यालाही हात धुवायला शिकवा. खालच्या आवाजात, मराठीत आणि कन्नडात, "हात धुवून या", "कै तोळकोंडु बर्री" म्हटलं की लोक ऐकतात.

गणवेश घरी नेऊन धुवायचा का? लहान मूल आहे.

शक्यतो दवाखान्यात बदला आणि वेगळ्या पिशवीतून न्या. रक्त लागलेला कपडा घरी नेऊ नका, तो दवाखान्याच्या लाँड्रीतच धुवायचा. बाकीचा घरच्या कपड्यांपासून वेगळा, साबणाने, शक्यतो गरम पाण्यात, आणि उन्हात वाळवा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये ऊन मिळत नाही, तेव्हा दोन जोड जास्त ठेवा आणि पूर्ण वाळल्यावर कडक इस्त्री करा, दमट घालू नका. चपला दवाखान्याच्या वेगळ्या. घरी पोचल्यावर हात धुवून कपडे बदला, मग मुलाला उचला. त्यासाठी अंघोळ करेपर्यंत रडवायची गरज नाही.